विद्यापीठाचा अध्यक्ष नेमके काय करतो? क्लार्क केर यांच्या कारकिर्दीतून एका पदाची ओळख

अमेरिकेतील विद्यापीठांच्या अध्यक्षांची नावे एरवी आपल्या वर्तमानपत्रांत क्वचितच दिसत. २०२३ नंतर मात्र ती वारंवार दिसू लागली. ५ डिसेंबर २०२३ रोजी हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी या तीन संस्थांच्या अध्यक्षांना अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जाहीर सुनावणीला उभे राहावे लागले. त्यानंतर चारच दिवसांत पेनसिल्व्हेनियाच्या लिझ मॅगिल यांनी राजीनामा दिला, २ जानेवारी २०२४ रोजी हार्वर्डच्या क्लॉडीन गे पायउतार झाल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मिनूश शफिक यांनीही पद सोडले. एप्रिल २०२५ मध्ये हार्वर्डचे नवे अध्यक्ष ॲलन गार्बर यांनी केंद्र सरकारच्या मागण्या मान्य करण्यास नकार दिला आणि त्याच दिवशी सरकारने विद्यापीठाचे २२० कोटी डॉलरचे संशोधन अनुदान रोखले.

ज्यांची मुले तिकडे शिकत आहेत किंवा शिकायला जाणार आहेत, अशा अनेक मराठी घरांत या बातम्या काळजीने वाचल्या गेल्या. त्या वाचताना काही प्रश्न सहज पडतात. एवढ्या मोठ्या संस्थेच्या प्रमुखाला काही दिवसांत जावे लागते, तर त्याच्या हातात अधिकार तरी किती असतो? त्याला नेमते कोण आणि काढते कोण? या प्रश्नांची उत्तरे नियमांच्या पुस्तकात मिळतात, पण ती एका माणसाच्या आयुष्यातून अधिक स्पष्ट दिसतात. तो माणूस म्हणजे क्लार्क केर, १९५८ ते १९६७ या काळातील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष. सर्वसामान्यांना सरकारी खर्चाने उच्च शिक्षण देण्याची जगातील एक अत्यंत महत्त्वाची व्यवस्था त्यांनी उभी केली, आणि त्यांनाच एका बैठकीत मतदान घेऊन काढून टाकण्यात आले.

हे पद कुठे बसते?

अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात अंतिम अधिकार एका नियामक मंडळाकडे असतो. या मंडळावरील बहुतेक सदस्य प्राध्यापक नसतात. ते वकील, उद्योजक, बँकर, माजी विद्यार्थी असे बाहेरचे लोक असतात आणि वर्षातून ठरावीक वेळा एकत्र येतात. हार्वर्डसारख्या खासगी विद्यापीठात अशा मंडळाची परंपरा १६५० च्या सनदेपासून चालत आलेली आहे. सरकारी विद्यापीठांत सदस्यांची नेमणूक बहुधा राज्याचा गव्हर्नर करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात या सदस्यांना रीजंट म्हणतात, आणि त्यांचे अधिकार थेट राज्याच्या घटनेत लिहिलेले आहेत. अध्यक्षाला हेच मंडळ नेमते आणि तेच त्याला काढू शकते.

महाराष्ट्रातील वाचकाला इथे एक फरक लक्षात घ्यावा लागेल. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात आणि प्रत्यक्ष कारभार कुलगुरू पाहतात. अमेरिकेतील अध्यक्षाचे काम आपल्या कुलगुरूंच्या कामाशी जुळते. पण तिथला गव्हर्नर हा आपल्या राज्यपालांसारखा केंद्राने नेमलेला नसतो. तो मतदारांनी निवडलेला, पक्षाचा झेंडा घेऊन प्रचार केलेला राजकीय नेता असतो, म्हणजे आपल्या तुलनेत तो मुख्यमंत्र्यांच्या अधिक जवळ आहे. कॅलिफोर्नियात हा गव्हर्नर पदसिद्ध रीजंट असतो आणि त्याला मतही देता येते. दुसरा फरक मुदतीचा. आपल्या कुलगुरूंची मुदत कायद्याने ठरलेली आहे, तर अमेरिकेतील अध्यक्ष सामान्यतः मंडळाची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो. केर यांच्या कथेचा शेवट समजण्यासाठी या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

असा माणूस घडतो कसा?

केर यांचा जन्म १७ मे १९११ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्टोनी क्रीक या खेड्यात झाला. वडिलांच्या सफरचंदाच्या बागा होत्या, मात्र त्यांनी बर्लिन विद्यापीठात शिक्षण घेतलेले होते. आईचे शिक्षण सहावीपर्यंतच झाले होते आणि ती बायकांच्या टोप्या तयार करण्याचे काम करी. आपल्या होणाऱ्या मुलांच्या कॉलेजच्या शिक्षणापुरते पैसे साठल्याशिवाय लग्न करायचे नाही, असे तिने ठरवले होते आणि ते पाळले. पुढे या मुलाने लाखो मुलांच्या कॉलेजचा प्रश्न आयुष्यभर हाती धरला, त्यामागे या आईचा हिशेब होता असे मला मनापासून वाटते.

स्वार्थमोर कॉलेजातून १९३२ मध्ये पदवी घेताना ते क्वेकर पंथात आले. ख्रिस्ती धर्मातील हा शांततावादी पंथ निर्णय मतदानाने घेण्यापेक्षा चर्चेतून सर्वांची संमती घडवण्यावर भर देतो. त्यानंतर ते कॅलिफोर्नियात आले, स्टॅनफर्डमधून पदव्युत्तर पदवी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलातून १९३९ मध्ये अर्थशास्त्रातील पीएचडी मिळवली. विषय होता श्रमिकांचे अर्थशास्त्र, आणि हा विषय ते केवळ ग्रंथालयात बसून शिकले नाहीत. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, सॅन वाकीन खोऱ्यातील कापूस वेचणाऱ्या मजुरांनी मोठा संप केला, तेव्हा विद्यार्थीदशेतील केर त्या मजुरांशी आणि मालकांशी बोलून नोंदी करत फिरत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर त्यांनी कामगार आणि मालक यांच्यात तडजोड घडवणारा लवाद म्हणून नाव मिळवले. पॅसिफिक किनाऱ्यावरील गोदी कामगार आणि बोट कंपन्या यांच्यातील कडव्या भांडणांतही १९४६-४७ मध्ये ते त्रयस्थ निवाडा करणारे होते. १९४५ मध्ये बर्कलीला परतल्यावर तिथल्या औद्योगिक संबंधांच्या संस्थेचे ते पहिले प्रमुख झाले.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा नेहमीचा रस्ता प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता, मग शैक्षणिक कारभार पाहणारा प्रोव्होस्ट आणि शेवटी अध्यक्ष असा चढत जातो. केर यांचा रस्ता याहून थोडा वेगळा होता. ते प्रशासनात आले ते एका वादामुळे. १९४९ मध्ये, कम्युनिस्टविरोधी भीतीच्या काळात, रीजंटांनी विद्यापीठातील सर्वांना आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ लिहून देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट १९५० मध्ये ही शपथ नाकारणाऱ्या ३१ अध्यापकांना कामावरून काढण्यात आले. त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप कोणी केलेला नव्हता. अशा शपथेची सक्तीच त्यांना अमान्य होती. केर यांनी स्वतः शपथेवर सही केली, पण नाकारणाऱ्या सहकाऱ्यांची बाजू त्यांनी रीजंटांच्या समोर उभे राहून मांडली. पुढे १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या अध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. बर्कलीसाठी स्वतंत्र प्रमुखाचे पद नव्याने निर्माण झाले होते. त्याला तिथे चॅन्सलर म्हणतात आणि तो संपूर्ण विद्यापीठाच्या अध्यक्षाच्या हाताखाली असतो. प्राध्यापकांनी या पदासाठी केर यांचे नाव पुढे केले. १९५२ मध्ये ते बर्कलीचे पहिले चॅन्सलर झाले आणि सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, सर्व संकुलांचे मिळून अध्यक्ष.

विद्यापीठ नेमके कोणाचे?

अध्यक्षाच्या अडचणींचे मूळ या प्रश्नात आहे. मोठ्या गृहनिर्माण सोसायटीच्या अध्यक्षाची स्थिती डोळ्यांपुढे आणली तर ते लवकर समजते. गळक्या टाकीपासून लिफ्टपर्यंत प्रत्येक गोष्टीचा जाब त्याला विचारला जातो, पण प्रत्येक सदनिकाधारक स्वतःला मालक समजतो आणि कोणाच्याही घरात शिरून हुकूम देण्याचा अधिकार त्याला नसतो. विद्यापीठातही प्राध्यापकांना वाटते की विद्यापीठ म्हणजे आम्ही, कारण ज्ञान आमच्याकडे आहे. विद्यार्थ्यांना वाटते की आमच्यासाठीच ते आहे. माजी विद्यार्थी देणग्या देतात, कायदेमंडळ अंदाजपत्रक मंजूर करते, नियामक मंडळाकडे कायदेशीर मालकी असते, आणि करदाते हे सर्व बाहेरून पाहत असतात.

प्राध्यापकांच्या बाबतीत अध्यक्षाचा हात तर विशेष आखूड असतो. अनुभवी प्राध्यापकांना टेन्युअर असते, म्हणजे गंभीर कारण आणि रीतसर चौकशी असल्याखेरीज त्यांना काढता येत नाही अशी कायम नेमणूक. काय शिकवायचे, कोणाला पदवी द्यायची, कोणाला बढतीसाठी लायक मानायचे, हे बहुतांशी अध्यापकांची सभा ठरवते. कारखान्याचा व्यवस्थापक कामगारांना उद्यापासून दुसरा माल काढा असे सांगू शकतो. अध्यक्ष प्राध्यापकाला उद्यापासून दुसरा विषय शिकवा असे सांगू शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

१९६३ मध्ये हार्वर्डमध्ये दिलेल्या गॉडकिन व्याख्यानांत केर यांनी या नव्या प्रकारच्या संस्थेला ‘मल्टिव्हर्सिटी’ असे नाव दिले. एका विचाराने बांधलेला गुरुजनांचा समुदाय असे जुन्या विद्यापीठाचे चित्र होते. आताचे विद्यापीठ हे अनेक समुदायांचे शहर झाले आहे, ज्यात अणुशास्त्रज्ञ, कवी, वैद्य, शेतीतज्ज्ञ, खेळाडू आणि कंत्राटदार एकाच नावाखाली राहतात, असे त्यांचे निरीक्षण होते. अशा ठिकाणी अध्यक्ष हा मुख्यतः मध्यस्थ असतो, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. हा विचार अनेकांना रुचला नाही, कारण अध्यक्ष म्हणजे दूरदृष्टीचा महापुरुष असावा अशी लोकांची अपेक्षा असते. पण गोदी कामगारांच्या भांडणांत मुरलेल्या केर यांना मध्यस्थी हे कमी दर्जाचे काम वाटत नव्हते.

मग मध्यस्थाच्या हातून मोठे काम होते तरी कसे?

याचे उत्तर १९६० च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनमध्ये आहे, आणि तो थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी १९६० च्या दशकात कॉलेजच्या वयात येणार होती. राज्यात तीन प्रकारच्या संस्था होत्या: संशोधन करणारे कॅलिफोर्निया विद्यापीठ, मुख्यतः शिक्षक तयार करणारी राज्य महाविद्यालये, आणि दोन वर्षांचे शिक्षण देणारी स्थानिक कनिष्ठ महाविद्यालये. प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात नवे कॉलेज हवे होते. राज्य महाविद्यालयांना पीएचडी देण्याचा अधिकार हवा होता, आणि तो अधिकार सोडायला विद्यापीठ तयार नव्हते. भांडण असेच चालू राहिले असते तर पैसा सगळीकडे थोडाथोडा सांडला असता आणि एकही संस्था धड उभी राहिली नसती.

कायदेमंडळाच्या सूचनेवरून १९५९ मध्ये सर्व बाजू वाटाघाटीला बसल्या. ऑक्सिडेंटल कॉलेजचे अध्यक्ष आर्थर कून्स यांनी आराखडा तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व केले, आणि केर यांनी आपले लवादाचे सर्व कसब इथे लावले. ठरले ते असे. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या वरच्या १२.५ टक्के विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळण्याची हमी, वरच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांना राज्य महाविद्यालयांत, आणि शिकून लाभ घेऊ शकणाऱ्या कोणालाही कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश. पीएचडी विद्यापीठाकडेच राहील, पण राज्य महाविद्यालये विद्यापीठाबरोबर संयुक्तपणे ती देऊ शकतील. राज्यातील रहिवाशांकडून शिकवणीशुल्क घेतले जाणार नाही. एप्रिल १९६० मध्ये गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी संबंधित कायद्यावर सही केली.

या आराखड्यातील एक कलम मला त्याचा प्राण वाटते. कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षे चांगला अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची वाट ठेवलेली होती. सतराव्या वर्षी गुण कमी पडले म्हणून माणसाच्या बुद्धीवर कायमचा शिक्का बसू नये, ही त्यामागची भूमिका होती. बारावीच्या एका निकालावर पुढचे सर्व आयुष्य ठरते असे मानणाऱ्या आपल्या समाजाने हे कलम लक्षपूर्वक वाचावे. निवडक गुणवत्ता की सर्वांना संधी, या दोन टोकांपैकी एक निवडा असे म्हणण्याऐवजी केर यांनी दोन्ही एकाच व्यवस्थेत बसवल्या आणि त्यांच्यामध्ये जिना ठेवला.

ऑक्टोबर १९६० मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर केर यांचे चित्र आले. त्यांच्या कारकिर्दीत सॅन डिएगो, अर्वाइन आणि सांता क्रूझ ही नवी संकुले उभी राहिली. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाची १० संकुले असून तिथे सुमारे तीन लाख विद्यार्थी शिकतात, आणि जुन्या कनिष्ठ महाविद्यालयांतून विस्तारलेली कम्युनिटी कॉलेजे आज ११६ आहेत. शुल्कमाफीचे तत्त्व मात्र टिकले नाही. १९७० पासून ‘शैक्षणिक फी’ या नावाने शुल्क सुरू झाले आणि पुढे ते वाढतच गेले.

एवढे काम करूनही विद्यार्थी त्यांच्या विरोधात का गेले?

कारण मध्यस्थाची पद्धत दोन संघटित बाजूंमध्ये चालते, आणि १९६४ मध्ये समोर आलेला प्रश्न वाटाघाटीचा नव्हता, तत्त्वाचा होता. बर्कलीच्या प्रवेशद्वारापाशी, बँक्रॉफ्ट आणि टेलिग्राफ रस्त्यांच्या कोपऱ्यावरील पदपथावर, विद्यार्थी टेबले मांडून राजकीय पत्रके वाटत आणि निधी गोळा करत. सप्टेंबरमध्ये बर्कलीच्या प्रशासनाने त्यावर बंदी घातली. त्या उन्हाळ्यात मारिओ साव्हिओसारखे काही विद्यार्थी मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जीव धोक्यात घालून काम करून आले होते, आणि आपल्याच विद्यापीठात पत्रक वाटता येत नाही हे त्यांना सहन होणे शक्य नव्हते. १ ऑक्टोबर रोजी जॅक वाइनबर्ग या माजी विद्यार्थ्याला अटक करून पोलिसांच्या गाडीत बसवले, तेव्हा विद्यार्थ्यांनी गाडीभोवती बसकण मारली आणि ती ३२ तास हलू दिली नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रशासनाच्या इमारतीत ठिय्या देणाऱ्या सुमारे ८०० जणांना अटक झाली. ८ डिसेंबरला अध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांच्या मुख्य मागणीला पाठिंबा दिला.

बंदीचा निर्णय मुळात चॅन्सलर एडवर्ड स्ट्राँग यांच्या प्रशासनाचा होता आणि त्या वेळी केर आशियाच्या दौऱ्यावर होते. परत आल्यावर तो निर्णय ताबडतोब रद्द करायला हवा होता, असे त्यांनी नंतर स्वतः मान्य केले. त्यांनी तसे केले नाही, कारण संकुलांच्या प्रमुखांना अधिक स्वायत्तता देण्याचे धोरण त्यांचेच होते. त्यांच्या आधीचे अध्यक्ष रॉबर्ट स्प्राउल बारीकसारीक बाबीही स्वतःच्या हातात ठेवत, आणि चॅन्सलर असताना केर यांनी त्याचा त्रास अनुभवला होता. एक योग्य तत्त्व पाळताना दुसरे, त्याहून मोठे तत्त्व त्यांच्या हातून सुटले, असे माझे मत आहे. याच केर यांनी १९६३ मध्ये कम्युनिस्ट वक्त्यांवरील जुनी बंदी उठवली होती, आणि शैक्षणिक स्वातंत्र्यासाठीचा मायकलजॉन पुरस्कार कॅलिफोर्निया विद्यापीठाला मिळाला तो १९६४ मध्येच. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र ते एका प्रचंड यंत्राचे व्यवस्थापक होते. अध्यक्ष जर व्यवस्थापक असेल तर प्राध्यापक नोकर आणि आम्ही कच्चा माल ठरतो, असे साव्हिओ यांनी आपल्या प्रसिद्ध भाषणात सांगितले, ते मल्टिव्हर्सिटीच्या कल्पनेवरचे थेट उत्तर होते.

त्यांना काढले कोणी आणि का?

विद्यार्थ्यांनी नव्हे. विद्यार्थ्यांना ते कठोर वाटत होते, तर राज्यातील अनेक मतदारांना आणि काही रीजंटांना ते फारच मवाळ वाटत होते. १९६६ च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी बर्कलीतील ‘गोंधळ’ साफ करण्याचे आश्वासन देऊन प्रचार केला आणि मोठ्या फरकाने विजय मिळवला. जानेवारी १९६७ मध्ये ते गव्हर्नर झाले, म्हणजेच पदसिद्ध रीजंटही झाले. २० जानेवारीला, गव्हर्नर म्हणून रेगन यांच्या पहिल्याच बैठकीत, रीजंटांनी केर यांना १४ विरुद्ध ८ मतांनी तत्काळ पदावरून दूर केले. आपण जसे पदावर आलो तसेच चाललो आहोत, असे केर यांनी सांगितले. पदावर येताना उत्साह त्यांचा होता आणि घालवताना तो मंडळाचा होता, हे त्यांनी ‘फायर्ड’ या इंग्रजी शब्दाच्या दोन अर्थांवरील (पेटलेला आणि कामावरून काढलेला) शब्दखेळातून हसतमुखाने मांडले.

या प्रकरणाला आणखी एक बाजू होती, जी लोकांना फार उशिरा कळली. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे प्रमुख जे. एडगर हूवर यांचा केर यांच्यावर राग होता. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन केर यांना आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचे मंत्रिपद देण्याच्या विचारात होते, तेव्हा एफबीआयने त्यांच्याविषयी बदनामीकारक आणि खोटे ठरलेले आरोप व्हाइट हाउसला पाठवले. एका पत्रकाराने अनेक वर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर मिळवलेल्या कागदपत्रांतून ही बाब २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा केर ९१ वर्षांचे होते.

सरकार पैसा देते, तर सरकारचे ऐकावे लागणारच. त्यात गैर काय?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. करदात्यांच्या पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार सरकारला आहेच. अनुदान कोणत्या कामासाठी दिले, ते त्यावरच खर्च झाले का, संस्थेत भेदभाव होतो का, हे तपासणे सरकारचे कर्तव्य आहे. पण कर्करोगावरील संशोधनासाठी दिलेले पैसे रोखून धरून त्या बदल्यात प्रवेश, नेमणुका आणि अभ्यासक्रम यांच्यावर नियंत्रण मागणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात हिशेब आहे, दुसऱ्यात मालकी आहे.

केर यांनी १९६३ च्या व्याख्यानांतच या धोक्याकडे बोट दाखवले होते. १९६० मध्ये अमेरिकेतील उच्च शिक्षणाला केंद्र सरकारकडून सुमारे १५० कोटी डॉलर मिळत होते, म्हणजे वीस वर्षांत शंभरपट वाढ झाली होती, आणि त्यातील संशोधनाच्या पैशाचा मोठा भाग मोजक्या विद्यापीठांकडे जात होता. कोणीही ठरवून हे केले नव्हते. युद्धातील रडार आणि अणुसंशोधनापासून ते हळूहळू घडत गेले होते. २०२५ मध्ये त्या अवलंबनाची किंमत सर्वांना दिसली. कोलंबियाने जुलैमध्ये सरकारशी समझोता करून तीन वर्षांत २० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. हार्वर्डने न्यायालयात धाव घेतली आणि ३ सप्टेंबर २०२५ रोजी जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. हार्वर्डला लढता आले याचे एक कारण ५० अब्ज डॉलरहून मोठा ठेवनिधी, म्हणजे देणग्यांतून साठवलेली रक्कम, जिच्यावरील व्याज व नफाच मुख्यतः वापरला जातो. बहुतेक विद्यापीठांकडे अशी शिदोरी नसते, त्यामुळे त्यांच्या अध्यक्षांकडून तेवढ्याच ताठपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

या ताणाचा परिणाम आकड्यांतही दिसतो. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या पाहणीनुसार २००६ मध्ये महाविद्यालय आणि विद्यापीठांचे अध्यक्ष सरासरी ८.५ वर्षे पदावर होते. २०२२ मध्ये ही सरासरी ५.९ वर्षांवर आली. हार्वर्डचे चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे अध्यक्ष होते. तशी कारकीर्द आज कल्पनेतही बसत नाही.

उद्योगपती किंवा अनुभवी प्रशासक का नको?

हा प्रश्न आपल्याकडेही ताजा आहे. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात उद्योग, लोकप्रशासन किंवा धोरणनिर्मिती या क्षेत्रांत वरिष्ठ पदावर दहा वर्षे काम केलेल्या व्यक्तींनाही कुलगुरूपदासाठी पात्र ठरवण्याची तरतूद होती, आणि शोधसमिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे देण्याचा प्रस्ताव होता. केरळ आणि तमिळनाडू यांनी त्याला ठाम विरोध केला.

बाहेरचा माणूस कधीच यशस्वी होणार नाही असे म्हणता येत नाही. पण केर यांच्या आयुष्याकडे पाहिले तर त्यांना उपयोगी पडलेली ताकद कोणती होती हे दिसते. शपथेच्या वादात सहकाऱ्यांच्या बाजूने उभे राहिल्यामुळे प्राध्यापकांचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासाच्या जोरावरच ते पुढे वाटाघाटी करू शकले. ज्याने कधी वर्गात शिकवले नाही, प्रबंध तपासला नाही, त्याला हा विश्वास पहिल्या दिवसापासून कमवावा लागतो, आणि कमी मुदतीच्या पदावर तेवढा वेळ मिळत नाही. हुकमाची सवय असलेल्या माणसाला हुकूम न चालणाऱ्या संस्थेत बसवले तर संस्थाही दुखावते आणि माणूसही.

महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार शोधसमिती किमान पाच नावांची यादी कुलपतींना देते, त्यांतून कुलपती एकाची निवड करतात, आणि कुलगुरूंची मुदत पाच वर्षे किंवा वयाच्या ६५ वर्षांपर्यंत असते. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर करून या निवडीत राज्य सरकारला मोठा वाटा देण्याचा प्रयत्न केला होता. सरकार बदलल्यावर ते मागे घेतले गेले. या वादात चर्चा झाली ती नेमणुकीचा अधिकार राजभवनाचा की मंत्रालयाचा, एवढ्यावरच. नेमल्यानंतर कुलगुरूंना अध्यापक, विद्यार्थी आणि शासन यांच्यामध्ये स्वतंत्रपणे उभे राहता येईल का, ही चर्चा फारशी झाली नाही. ठरावीक मुदत हे आपल्या कुलगुरूंना मिळालेले संरक्षण आहे, आणि ते केर यांच्याकडे नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे.

काढल्यानंतर काय झाले?

अनेक अध्यक्षांची सार्वजनिक कारकीर्द पद गेले की संपते. केर यांची तशी संपली नाही. त्याच वर्षी, १९६७ मध्ये, ते उच्च शिक्षणाविषयीच्या कार्नेगी आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९७३ पर्यंत तिथे होते. केंद्राची मदत संस्थांच्या हातात देण्यापेक्षा गरजू विद्यार्थ्यांना थेट द्यावी, म्हणजे विद्यार्थी हवे ते कॉलेज निवडू शकेल, असा आग्रह या आयोगाने १९६८ मध्ये धरला. १९७२ च्या कायद्याने तशी मदत सुरू झाली. तीच आज पेल ग्रँट म्हणून ओळखली जाते आणि अमेरिकेतील गरीब घरांतील विद्यार्थ्यांचा ती मुख्य आधार आहे. याच आयोगाने देशातील हजारो संस्थांचे त्यांच्या कामाच्या स्वरूपानुसार वर्गीकरण केले. अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी अर्ज करणारी आपली मुले आज ‘आर-वन’, म्हणजे सर्वाधिक संशोधन करणाऱ्या विद्यापीठांची यादी शोधतात, ती याच वर्गीकरणातून आलेली आहे. केर यांचे १ डिसेंबर २००३ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, बर्कलीजवळच्या एल सेरिटो येथे निधन झाले.